हवेचा हिशेब : शर्यतीतल्या टर्बो इंजिनांच्या नियमांची ओळख

ट्रकवाल्यांना टर्बो नवा नाही. कामोठ्याशेजारी कळंबोलीच्या लोखंड बाजारात येणाऱ्या मालगाड्यांत आज टर्बो नसलेली गाडी शोधावी लागेल. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. यंत्र एवढेच. पण तेच उघड्या चाकांच्या शर्यतीच्या गाडीत बसले की नियम लिहिणाऱ्यांची झोप उडते. ती का उडते, हे समजून घेण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. वाचकांनी थोडी अंकगणिताची तयारी ठेवली तरी पुरे.

पूर्वी इंजिनाचा आकार मोजला की नियमाचे काम भागत असे. टर्बोने या मोजमापाचा अर्थच घालवला. फॉर्म्युला वनमध्ये १९६६ पासून दोन वाटा खुल्या होत्या : साधे इंजिन ३ लिटरचे, नाहीतर दाबाने हवा भरणारे दीड लिटरचे. दुसरी वाट तोट्याची समजून अकरा वर्षे तिकडे कोणी फिरकले नाही. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला रेनोने टर्बोची गाडी उतरवली. ती वारंवार धूर सोडत बंद पडे, म्हणून लोकांनी तिला पिवळी चहाची किटली म्हणून हिणवले. १९७९ मध्ये दिजाँला जाँ-पिएर जाबुईने तीच वाट धरून फ्रेंच ग्रां प्री जिंकली आणि चेष्टा थांबली. १९८६ पर्यंत दीड लिटरची इंजिने पात्रता फेरीपुरती हजार अश्वशक्तीच्या वर जात होती.

मग सुरू झाली ओढाताण, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत वाचनीय भाग हाच. १९८४ मध्ये शर्यतीला २२० लिटर इंधनाची मर्यादा आली, १९८६ मध्ये ती १९५ वर उतरली. १९८७ मध्ये ४ बारच्या वर दाब जाताच हवा सोडून देणारी झडप बसवणे सक्तीचे झाले. १९८८ मध्ये दाब अडीच बार आणि इंधन १५० लिटर. तरीही त्या वर्षी होंडाच्या टर्बोवर मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या! १९८९ मध्ये टर्बोवर सरळ बंदीच आली. २०१४ मध्ये तो परतला तेव्हा नियम शहाणे झाले होते. १.६ लिटरच्या इंजिनात ताशी १०० किलोपेक्षा जास्त इंधन जाता कामा नये, असे बंधन आले. हवा हवी तेवढी भरा, पण जाळायला इंधन मोजूनच मिळेल. मला हा तोडगा सर्वांत प्रामाणिक वाटतो. फॉर्म्युला टूने त्याहून सोपा मार्ग धरला : मेकाक्रोमचे ३.४ लिटरचे टर्बो इंजिन सगळ्यांना सारखेच. मुंबईच्या जेहान दारूवालाने २०२० मध्ये साखीरला शर्यत जिंकली ती याच इंजिनावर.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची गोष्ट आणखी जुनी आहे. १९५२ मध्ये तिथे कमिन्सची टर्बो डिझेल गाडी सर्वांत पुढच्या जागेवरून सुटली. पुढे पुण्याच्या कोथरूडमध्ये ज्यांची इंजिने बनू लागली, तेच हे कमिन्स. ती गाडी हरली मात्र हवेपायी : टायरांच्या रबराचा कचरा टर्बोच्या तोंडाशी अडकला आणि इंजिन गुदमरले.

नवख्या वाचकाला माझे सांगणे असे, की सुरुवात फॉर्म्युला वनच्या जाडजूड नियमावलीने करू नका; अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांपासून करा. कामोठ्यात एमजीएमचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मुंबई-पुण्यातही अशी पुष्कळ आहेत. आणि कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या याच धर्तीच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत देशभरचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या उतरवतात. तिथला नियम दोन ओळींचा आहे. इंजिन ७१० सीसीपर्यंत, टर्बोला मुभा. मात्र पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. या भोकाला रिस्ट्रिक्टर म्हणतात. टर्बो लावला तर आधी रिस्ट्रिक्टर, मग टर्बो, मग थ्रॉटल (हवा कमी-जास्त करणारी झडप), असा क्रम. साध्या इंजिनात थ्रॉटल आधी येतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. भोकातली हवा ध्वनीच्या वेगाला पोचली की मागून कितीही ओढा, प्रवाह वाढत नाही. २० मिलिमीटरला ही मर्यादा सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅमची. आपल्याकडचे कितीतरी संघ वापरतात ते चाकणला बनणारे केटीएमचे ३७३ सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांनाही सेकंदाला सरासरी ३४ ग्रॅमच्या आसपासच हवा ओढते. म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा पडूनच राहतो, आणि तो घ्यायचा तर टर्बो हवा. मोठे चार सिलिंडरचे इंजिन वरच्या फेऱ्यांना स्वतःच त्या मर्यादेशी जाऊन भिडते. तिथे टर्बोने कमाल ताकद फारशी वाढत नाही, खालच्या फेऱ्यांतला जोर तेवढा वाढतो. शिवाय एकटा सिलिंडर हवा सलग घेत नाही, दर दोन फेऱ्यांतून एकदाच घेतो. एवढ्या तुटक मागणीवर चालेल असा टर्बो केवढा निवडायचा, आणि त्याच्यापुढे हवेचा साठा किती ठेवायचा, यावर संघासंघांत आजही वाद रंगतात.