यवतमाळ ते मुंबई: विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो?

यवतमाळ ते मुंबई हे सरळ रेषेतील हवाई अंतर सुमारे ५७० किलोमीटर आहे. जेट विमान ते तासाभरात कापू शकते. पण यवतमाळला विमानतळ असूनही तिथून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. त्यामुळे आधी रस्त्याने नागपूर किंवा अमरावती गाठावे लागते.

नागपूरमार्गे: रस्त्याने सुमारे १५० किमी, साधारण तीन तास. पुढे मुंबईपर्यंत दीड तासाचे उड्डाण. मुंबईसाठी रोज अनेक विमाने असतात.

अमरावतीमार्गे: बेलोरा विमानतळ ८० ते ९० किमीवर, साधारण दोन तास. येथून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली. पंख्याच्या एटीआर विमानाला पावणेदोन तास लागतात. हे विमान रोज नसते, म्हणून वेळापत्रक आधी पाहावे.

एकूण वेळ: विमानतळावर दीड-दोन तास आधी पोहोचावे लागते. ते धरून नागपूरमार्गे सुमारे साडेसहा, तर अमरावतीमार्गे साडेपाच तास लागतात. मुंबईत मुलाखत किंवा दवाखान्याची वेळ घेताना हाच हिशेब धरावा.