पडेगावच्या वाटेवरील मुसाफिरखाना

दौलताबादेहून मिटमिटा व पडेगाव मागे टाकून छावणीच्या अंगाने औरंगाबादेत शिरणाऱ्या वाटसरूस खाम नदीच्या काठी जेथे विसावा मिळे, त्या स्थळास आज आपण पाणचक्की म्हणतो आणि चक्की पाहून परततो; परंतु ती चक्की ज्या मुसाफिरखान्याच्या उदरभरणासाठी उभी राहिली, त्याचे स्मरण फारच थोड्यांना असते. बुखाऱ्यानजीकच्या गिजदुवानहून आलेले नक्शबंदी साधू बाबा शाह मुसाफिर येथे स्थिरावले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश मोगल लष्कराबरोबर दख्खनभर हिंडत राहिले. शिष्याने मात्र एका जागी तकिया मांडला, आणि तुराणातून चाकरीच्या शोधात निघालेले शिपाई, फकीर व यात्रेकरू यांची तेथे रीघ लागली.

मोगल अमदानीतील सामान्य सराईत भटारखाना असे व उतारूस शिधापाण्याचे दाम मोजावे लागत. येथे लंगर होता. लंगर म्हटला की नित्याचे पीठ आले. १६९५ च्या सुमारास चक्की व हौद झाले, आणि वीस वर्षांनी जमील बेग खानाने कारंज्यांसह लांबट हौदाची भर घातली, अशी नोंद गॅझेटियरात आहे. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून कित्येक मैल आणून, उंच मनोऱ्यावर चढवून, तेथून खाली सोडलेल्या धारेच्या बळावर लोखंडी पाते फिरविण्याची ही युक्ती मला कोणत्याही घुमटापेक्षा अधिक थोर वाटते, कारण तिच्या मुळाशी भुकेल्या परक्याची चिंता होती. थोरल्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. उन्हाळ्यात त्या गारव्यात टेकणाऱ्या प्रवाशाला निराळा पाहुणचार तो काय हवा होता!

इराणातील ५४ जुन्या सरायांना २०२३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा लाभला. आपल्याकडे मात्र जतन म्हणजे भिंतींची डागडुजी आणि दाराशी तिकीट, अशी समजूत रूढ आहे. पाणचक्कीचा प्राण तिच्या आवारात नाही. तो जमिनीखालून येणाऱ्या नहरीत आहे, आणि वाढत्या वस्तीची खरी झळ त्या नहरीलाच पोचते. म्हणून झऱ्यापासून मनोऱ्यापर्यंत नहरीच्या संपूर्ण मार्गाची मोजणी व्हावी, शहराच्या विकास आराखड्यात तो नकाशावर उमटावा, आणि त्यावर बांधकामाचा परवाना कोणासही मिळू नये.