कर्ज, काम आणि अ‍ॅमस्टरडॅमचे यहुदी



गरिबाला थोडे कर्ज दिले की तो धंदा काढतो आणि वर येतो, असे आपण नेहमी ऐकतो. हॉलंडमधल्या यहुदी बांधवांचा इतिहास पाहिला तर वाटते, कर्ज हवेच, पण एकट्या कर्जाने भागत नाही.

अ‍ॅमस्टरडॅम शहराने १६१४ साली स्वतःची गहाणपेढी उघडली. तिचे नाव स्टॅड्सबँक व्हान लेनिंग. सावकारांच्या जबर व्याजातून गरिबांची सुटका व्हावी, हा हेतू. ही पेढी आजही चालू आहे. पण भांडी-कपडे गहाण ठेवून आणलेला पैसा पोटाला जातो. वस्तू सोडवायला कमाई लागते, आणि कमाईची बरीच दारे यहुद्यांना बंद होती. तिथे कारागिरांचे संघ असत आणि संघाबाहेरच्याला तो धंदा करता येत नसे. १६३२ साली शहराने ठरवले की यहुद्यांना अशा धंद्यांत आणि दुकानदारीत शिरू द्यायचे नाही. मग उरली फेरी, जुन्या कपड्यांचा व्यापार, आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम, कारण हिऱ्यांच्या कामाला संघच नव्हता.

२ सप्टेंबर १७९६ रोजी तिथल्या यहुद्यांना समान हक्क मिळाले. तरीही पुढची कित्येक वर्षे फार मोठा वर्ग धर्मादायावरच जगत होता.

योगायोग असा की त्याच १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद, शाआर हारहमीम, उभी राहिली. ती बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. कुलाबा जिल्ह्यातले आपले पूर्वज शनवार तेली. घाण्यावर घर चाले, पण पुढे फौजेतल्या आणि सरकारी पगाराने अनेक घरांची स्थिती पालटली. दरमहा ठरलेली रक्कम हाती आली की मुलांना शाळेत घालता येते.

अ‍ॅमस्टरडॅमला ही संधी हिऱ्यांनी दिली. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले आणि १८७०च्या सुमारास कच्च्या मालाचा पूर लोटला. पैलू पाडणाऱ्यांची मजुरी भराभर वाढली. पण काही वर्षांत तेजी ओसरली आणि मजुरीही घसरली. मग १८९४ च्या संपातून हिरे कामगारांची संघटना निघाली. हेन्री पोलाक हे तिचे पुढारी, स्वतः हिरे कामगार. यहुदी आणि ख्रिस्ती दोघेही तिच्यात होते. संघटनेने मजुरीचे दर बांधून घेतले, ग्रंथालय काढले, आणि १९११ साली आठ तासांचा दिवस मिळवला. पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी हॉलंडमधल्या एक लाखाहून अधिक यहुद्यांचा जीव घेतला, आणि ती वस्तीच उजाड झाली.

आम्ही जन्मभर वॉर्डात काम केले. सलाइनवर रोगी तग धरतो, पण हिंडू-फिरू लागतो तो जेवायला लागल्यावर. कर्जाचे तसेच आहे. हॉलंडमध्ये २००९ पासून क्रेडिट्स नावाची संस्था छोट्या धंद्यांना कर्ज देते आणि त्याबरोबर धंद्यातला जाणता मार्गदर्शकही देते. हे आम्हाला पटते.

आपल्यापैकी बरेच जण गावाकडच्या नात्यातल्यांना पैसे पाठवतात. पाठवावेतच. पण सोबत एवढे विचारावे: या पैशातून कोणाच्या हाताला काम लागेल, आणि त्या कामाचे दाम कोण देईल?