तळ्यापासून खाडीपर्यंत

लहान ओहोळांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाला मी आधी चौलला बोलावीन. चौलवर लिहिणाऱ्यांची नजर बहुधा बंदरावरच खिळली. टॉलेमीने नोंदवलेले बंदर, १५०८ साली पोर्तुगीज आरमाराने इथे खाल्लेला मार, १८७६ मधले गर्सन दा कुन्हा यांचे चौल-वसईवरचे पुस्तक, सारे समुद्राच्या अंगाने. बंदराच्या पाठीशी डोंगरावरून उतरणाऱ्या गोड्या पाण्याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही.

चौलच्या भोवाळ्याला दत्ताच्या डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिले की विषय समोरच दिसतो. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उतारावरून थेट धावणारा ओहोळ तासाभरात तांबडा होऊन फुगतो आणि सर थांबली की तितक्याच लवकर ओसरतो. वाटेत तळे असले की त्याचा स्वभावच पालटतो. गाळ तळ्यात बसतो, लोंढ्याचा जोर मोडतो, आणि सांडव्यावरून पाणी सुटते ते सावकाश, निवळलेले. पाऊस उघडला तरी धार काही काळ टिकते.

पाण्याबरोबर तळ्यातले सूक्ष्म जीवही खाली येतात. सांडव्याखालचा एखादा दगड अलगद उलटून पाहा. नखाएवढी रेशमी जाळी दिसतील, तोंड प्रवाहाकडे केलेली. त्यांत अळ्या वाहते अन्न गाळून खातात. तळ्याच्या तोंडाशी त्यांची दाटी असते, खाली जावे तशी ती विरळ होते. फोरेल यांनी जिनिव्हाच्या सरोवरावरचा ग्रंथ १८९२ पासून प्रसिद्ध केला आणि सरोवरशास्त्राचा पाया घातला. नद्यांचे शास्त्र वेगळ्या वाटेने वाढले. तळ्यातून निघणारा ओहोळ या दोहोंच्या सांध्यावरचा, म्हणून मला तो इतका मोलाचा वाटतो.

पुढे नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. समुद्रपातळीच्या वर ते एक मीटर असेल, तर तत्त्वतः खाली सुमारे चाळीस मीटर. याचाच अर्थ, विहिरीची पातळी थोडी जरी उतरली तरी खारे पाणी बरेच वर सरकते. मुरणारा ओहोळ आणि विहिरीचा उपसा एकाच हिशेबात मांडायला हवेत.

खालच्या टोकाला सत्ता भरतीची. दर साडेबारा तासांच्या आत-बाहेर खाडीचे पाणी उलटे चढते आणि ओहोळाला अडवून धरते. खारे पाणी अडवणाऱ्या बांधातली, म्हणजे खारबंदिस्तीतली, उघाडी ही झडप ओहोटीला उघडते, भरतीला पाण्याच्याच दाबाने मिटते. पहिल्या पावसात वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, अंडी घालायला. वाटेतला उंच बांध त्यांच्या किती पिढ्या रोखतो, हा प्रश्न तरुण अभ्यासकांनी हाती घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

साधनांची अडचण नाही. सरळ वाहणारे दहा मीटर मोजा, नारळाच्या सुक्या सोडणाचा तुकडा सोडा आणि घड्याळ पाहा. तो पंचवीस सेकंदांत पोचला, रुंदी दीड मीटर आणि सरासरी खोली वीस सेंटिमीटर भरली, तर सेकंदाला साधारण शंभर लिटर पाणी वाहते आहे. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून गुणाकाराला ०.८५ ने गुणायचे. खाडीजवळ मोजताना भरतीची वेळ आधी पाहून ठेवा. पाणी पुरते ओसरल्यावरचीच मोजणी तळ्याच्या खात्यावर धरता येते.