ओट्याची उंची कोणी ठरवली?

आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत स्वयंपाकघराचा ओटा कुठून आला! त्याचं कारण सांगते. आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत, हे तुम्ही इथं गल्लोगल्ली बघताच. सभेत नकाशे मांडले गेले. पार्किंग, लिफ्ट, कार्पेट एरिया यांवर तीन तास चर्चा झाली. स्वयंपाकघराची वेळ आली तेव्हा समोरून एकच वाक्य आलं, ‘ओटा स्टँडर्ड उंचीचा मिळेल.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घरी येऊन विचार करत बसले, की हे स्टँडर्ड कोणाचं?

थोडं मागे जाऊ. ‘ओटा’ हा शब्द मुळात घराबाहेरचा. दारासमोरचा उंचवटा, त्यावर पुरुषमंडळी बसायची, पान जमायचं, गावच्या गप्पा व्हायच्या. स्वयंपाकघरात ओटा नव्हताच. तिथं जमिनीवर चूल, चुलीला लागून वैल, मागे भानवस. भिंतीत फडताळ, आढ्याला शिंकाळं, कोपऱ्यात मोरी. दळण, वाटण, चिरणं, भाजणं, वाढणं सगळं बसून. आणि ही खोली घराच्या अगदी आत, माजघराच्याही पलीकडे, कारण सोवळं सांभाळायचं. उजेड कमी, धूर भरपूर. नवं घर बांधताना सल्ला घेतला जायचा, नाही असं नाही. पण तो दिशेचा. चूल आग्नेयेला हवी, स्वयंपाक करणारीचं तोंड पूर्वेला हवं. धूर कुठून जाईल, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता आपण जिथं बसलो आहोत त्या जागेकडे येऊ. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापन केली आणि 1900 मध्ये आश्रम इथं, हिंगण्याला, एका झोपडीत आणला. जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेली. तेव्हा हा सगळा माळ. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि संध्याकाळी शहरातून चालत हिंगण्याला यायचे. आश्रमाला लागणारं सामानसुमान पुष्कळदा त्यांच्याच खांद्यावर असायचं. म्हणजे कर्वेनगरच्या इतिहासाची सुरुवातच एका स्वयंपाकघराला शिधा पोचवण्यापासून होते, असं म्हटलं तरी चालेल.

त्या काळी ब्राह्मण घरातल्या विधवेला पोट भरायचा मार्ग कोणता होता? बहुतेकदा लोकांच्या घरी स्वयंपाक करणं, नाहीतर नातेवाइकांच्या घरात बिनपगारी तेच काम. आश्रमानं तिच्या हातात पाटी-पुस्तक दिलं. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः अशाच परिस्थितीतून आल्या आणि संस्थेचा आधारस्तंभ झाल्या. 1918 मध्ये, पन्नाशीकडे झुकलेल्या असताना, तोडकंमोडकं इंग्रजी घेऊन त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. हिंगण्यातली बाई अमेरिकन सिंकपाशी उभी राहून भांडी घासते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

गंमत अशी, की नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेत स्वयंपाकघर हा अभ्यासाचा विषय झाला होता. क्रिस्टीन फ्रेडरिक यांचं ‘द न्यू हाउसकीपिंग’ हे पुस्तक 1913 चं. कारखान्यात कामगाराच्या हालचाली मोजतात तशा घरातल्या बाईच्या मोजायच्या, तिची पावलं वाचवायची, कामाची जागा तिच्या उंचीप्रमाणे ठेवायची, असा तो विचार. पुढे 1926 मध्ये जर्मनीत मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्ट किचन तयार केलं. जेमतेम सहा फूट बाय अकरा फूट, पण प्रत्येक वस्तू हाताशी. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, त्याआधी आपण स्वतः स्वयंपाक केला नव्हता, असं त्या बाईंनीच पुढे सांगितलं. दुसरी, त्या स्वयंपाकघरात खिडकीखाली बसून काम करायची सोय होती, फिरतं स्टूल होतं. आपल्याकडे ओटा आला, स्टूल काही आलं नाही.

आपल्याकडे बदल आले ते तुकड्यातुकड्यांनी. 1916 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, त्याच्या अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्राला जागा दिली. 1930 मध्ये किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक सुरू झालं आणि घर कसं असावं हा छापील चर्चेचा विषय झाला. दरम्यान चुलीजवळ कोळशाची शेगडी आली, मग वातीचा स्टोव्ह, पंपाचा स्टोव्ह. पण बाई अजून खालीच बसलेली होती. तिला उभं केलं ते गॅसनं.

ही गोष्ट नीट समजून घेऊ, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. इंडेन गॅस 1965 मध्ये सुरू झाला. मग नंबर लावायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. इकडे 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे गेले, शहर बाहेर पसरलं. नव्या घरांत गॅस गृहीत धरला जाऊ लागला. आता सिलिंडर दोन फुटांहून जास्त उंच. त्यावर रेग्युलेटर. आणि कंपनीची सूचना अशी, की शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर हवी. मग सिलिंडर ओट्याखाली, शेगडी ओट्यावर. त्यावर कडप्पा टाकायचा. गवंडी हातानं अंदाज घ्यायचा. गवंडी पुरुष, साडेपाच फुटांचा. झाला ओटा तयार!

आमच्या घरचा ओटा असाच, 36 इंची. आई पाच फूटही नाही. ती आयुष्यभर त्या ओट्यासमोर लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहिली. ज्या पाटावर तिची सासू बसून स्वयंपाक करायची, तोच पाट. आम्हा मुलांना त्यात काही वावगं दिसलं नाही. पाट तिथं असायचाच, जसा फ्रिज असायचा. तिचे खांदे दुखायचे त्याला आम्ही वय म्हणायचो.

हिशेब साधा आहे. उभं राहून हात कोपरात वाकवा. कोपराच्या साधारण चार इंच खाली कामाचा पृष्ठभाग असला तर कणीक मळताना, चिरताना खांदे वर येत नाहीत. पाच फूट उंचीच्या बाईला हे माप 33-34 इंच येतं. पण शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच, त्यावर पातेलं. म्हणजे शेगडीखालचा भाग त्याहूनही खाली हवा. कमरेत वाकावं लागू नये म्हणून सिंक मात्र थोडं वर चालतं. एकाच ओट्याला तीन उंच्या हव्यात आणि आपण एकसंध ग्रॅनाइट टाकून मोकळे होतो.

आता पुष्कळ घरांत पाइपचा गॅस आला. ओट्याखालचा सिलिंडर गेला. ज्या वस्तूमुळे ओटा एवढा उंच ठेवावा लागला ती राहिलीच नाही, पण माप मात्र तसंच चालू आहे. इतिहासात असं वारंवार होतं. कारण निघून जातं, रीत राहते. आणि सल्ला द्यायला आज माणसं उदंड आहेत. वास्तुवाले आहेत, इंटिरिअरवाले आहेत, ट्रॉल्या विकणारे आहेत. रंग कोणता, शटर कोणतं, चिमणी केवढी, सगळं विचारतात. जी रोज चार तास तिथं उभी राहणार तिची उंची विचारणारा मला अजून भेटायचा आहे.

सभेनंतर मी मोजपट्टी घेऊन आईपाशी गेले. आई आता 81 वर्षांची. म्हटलं, ‘आई, नव्या घरात ओटा केवढा हवा तुला?’ तिला आधी प्रश्नच कळेना. म्हणाली, ‘मला काय विचारतेस, त्यांना विचार.’ मी पुन्हा विचारलं. मग उठली, भिंतीशी उभी राहिली, हात वाकवला आणि बोट टेकवून म्हणाली, ‘इथं. आणि गॅसपाशी जरा खाली घ्या. कढईत डोकावता येत नाही मला.’

बोट टेकवलं तिथं 32 इंच भरले. तो आकडा आम्ही लेखी कळवला आहे. सोसायटीतल्या आणखी अकरा घरांनी आपापले आकडे दिलेत. त्यातल्या दोन घरांत स्वयंपाक पुरुष करतात, त्यांचे आकडे अर्थातच मोठे आहेत.

तुमच्याही घराचं काम निघणार असेल, तर एवढं करा. नकाशावर सही करण्याआधी मोजपट्टी आणा आणि जिचा-ज्याचा हात कणकेत असतो, त्यांचं कोपर मोजा.