भावगीताचा मऊ आवाज: तो आला कुठून आणि शिकवायचा कसा

आजचा विषय तसा छोटा वाटेल. शास्त्रीय संगीत शिकलेल्या तरुण गायिकेला भावगीत मऊ आवाजात गायला कसं शिकवायचं? पण या छोट्या प्रश्नाच्या मागे जवळजवळ शंभर वर्षांचा मराठी गाण्याचा इतिहास उभा आहे, आणि तो नीट पाहिला नाही तर शिकवताना काय चूक होते, हे आम्ही आमच्याच अनुभवावरून सांगणार आहोत.

आमच्या वर्गात एक मुलगी आली. वय वीसच्या आत, आठ वर्षं ख्यालाची तालीम, गळा उत्तम तयार. तिने एक भावगीत म्हटलं. सुरात कुठे खोट नव्हती, तान तर लखलखीत. गाणं संपल्यावर आम्ही वर्गातल्या इतरांना विचारलं, "कविता कशाबद्दल होती?" कुणालाच नीट सांगता येईना. मग आम्ही तिला एकच सूचना केली: "जरा हळू गा." ती हळू गायली, आणि सगळंच बिघडलं. सूर उतरला, ओळीचे शेवट गिळले गेले, आवाजातला प्राण गेला. खाली मान घालून ती म्हणाली, "ताई, हळू गायलं की मला खोटं गातेय असं वाटतं."

चूक तिची नव्हती, आमची होती. मऊपणा म्हणजे आवाज कमी करणं, असं आम्ही धरून चाललो होतो. म्हणून आधी हे बघू की भावगीतातला मऊपणा मुळात आला कुठून.

थोडं मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी माणसाचं गाणं ऐकण्याचं मोठं ठिकाण म्हणजे नाटकाचं थिएटर. ध्वनिक्षेपक नाही. गाणाऱ्या नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या बळावर पोहोचला पाहिजे. 1916 साली 'स्वयंवर' रंगभूमीवर आलं, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ख्यालाचा एवढा मोठा गवई नाटकाच्या पदांना चाली देतो आणि बालगंधर्वांना त्या शिकवतो, ही घटना लक्षात ठेवा, कारण शास्त्रीय गाणं आणि शब्दांचं गाणं यांचं नातं आपल्याकडे असं जुनं आहे. बालगंधर्वांच्या आवाजात मार्दव होतंच. पण कानाशी येऊन बोलावं तसं गाणं त्या थिएटरात शक्य नव्हतं.

ध्वनिमुद्रिकांची गोष्टही तीच. आपल्याकडे 1902 साली रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्णा होता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून खणखणीत गायचं, तरच मेणावर रेघ उमटायची. तीन-सव्वातीन मिनिटांत सगळं आटपायचं. अशा यंत्रापुढे हलका स्वर लावणं म्हणजे तो वाया घालवणं.

1925 साली जगात विजेवरचं ध्वनिमुद्रण व्यवहारात आलं आणि पुढच्या काही वर्षांत ते आपल्याकडे पोहोचलं. मुंबईत जुलै 1927 मध्ये नभोवाणी सुरू झाली. मायक्रोफोनने काय केलं? गायकाला श्रोत्याच्या हातभर अंतरावर आणून बसवलं. आता कुजबुजलं तरी ऐकू जाणार होतं.

पण नुसतं यंत्र आलं म्हणून मऊ गाणं आलं नाही. कुजबुजण्याजोगं काही सांगायला हवं ना! ते कवितेकडून आलं. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली ठळक नावं. यातले काही कवी आपल्या कविता सभांमधून गाऊन दाखवत. ते काही गवई नव्हते, पण त्यांच्या काव्यगायनाने एक सवय लावली: एका माणसाच्या मनातली गोष्ट चालीवर ऐकायची. नाटकातल्या पदाला पात्र असतं, प्रसंग असतो. इथे पात्र नाही, पोशाख नाही, फक्त एक 'मी' आहे.

ही कविता आणि तो मायक्रोफोन यांची गाठ 1930च्या दशकाच्या सुरुवातीला पडली. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गो. ना. जोशी, म्हणजे जी. एन. जोशी यांनी गायली आणि तिच्या रेकॉर्डपासून भावगीताचं युग मोजायची प्रथा पडली. जोशी कायद्याचं शिक्षण घेतलेले गृहस्थ. पुढे तेच रेकॉर्ड कंपनीत अधिकारी झाले आणि कितीतरी मोठ्या गवयांची मुद्रणं त्यांच्या देखरेखीखाली झाली. नंतर गजाननराव वाटव्यांनी हार्मोनियम पुढे घेऊन कवितांच्या मैफली केल्या. कवी अनिलांसारख्यांच्या कविता त्यांनी घराघरांत नेल्या. श्रोते कविता ऐकायला गर्दी करतात, हे त्यांनी सिद्ध केलं.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. ख्याल शिकलेल्या गळ्याचं यात काय झालं?

एक समज असा असतो की रियाजाने आवाज टणक होतो आणि भावगीताने तो बिघडतो. इतिहास वेगळंच सांगतो. किराणा घराण्याचं गाणं घ्या. अब्दुल करीम खाँ साहेबांचा भर स्वराच्या लगावावर. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या स्त्रियांच्या पहिल्या पिढीतल्या. आवाजात कमालीचा गोडवा आणि शांतपणा, आणि ख्यालाबरोबर त्यांनी भावगीतंही गायली. त्यांचे बंधू सुरेशबाबू माने. या दोघांकडे शिकलेल्या माणिक वर्मा, जन्म 1926, पुढे भावगीताच्या आघाडीच्या गायिका झाल्या आणि ख्यालही तितक्याच अधिकाराने गात राहिल्या. म्हणजे मऊपणा त्यांच्या शास्त्रीय तालमीतच होता. तो बाहेरून चिकटवलेला नव्हता.

इथे आमच्या डोक्यात पहिला दिवा लागला. हळू गाताना सूर का उतरतो? कारण आपण आवाजाबरोबर श्वासाचा आधारही काढून घेतो. उलट मऊ स्वराला श्वास जास्त ताब्यात लागतो. हे काम खर्जाच्या रियाजात रोज होतं. पहाटे मंद्र सप्तकात एकच स्वर धरून बसणारी मुलगी मऊ गाण्याचीच तयारी करत असते, फक्त तिला तसं कुणी सांगितलेलं नसतं.

मग 1955 साल. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिलपासून 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांची 56 गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली, वर्षभर दर आठवड्याला प्रसारण. गाणाऱ्यांत माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते; ख्यालाच्या तालमीतले गळे. बाबूजी, म्हणजे फडके, उच्चारांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. रागाचा आधार प्रत्येक चालीला आहे, पण राग दाखवायला कुणी थांबत नाही. घरोघर रेडिओपुढे बसलेल्या माणसाला कथा कळली पाहिजे, एक शब्द निसटला तर पुढचा प्रसंग निसटतो. रेडिओने गायकांना लावलेली ही शिस्त फार मोठी आहे.

त्याच रेडिओने या गाण्याला एक नावही दिलं: सुगम संगीत. नाव सोयीचं, पण घातकी. सुगम म्हणजे सोपं. सोपं आहे म्हटल्यावर ते शिकवायची गरज कुणाला वाटणार? ख्यालाला गुरू, सुगमला फक्त रेकॉर्ड. मुलांनी रेकॉर्ड ऐकायची, नक्कल करायची. नकलेत हरकत जशीच्या तशी येते, पण ती तिथे का घेतली हे येत नाही.

ही पोकळी ज्यांनी ओळखली त्यांत यशवंत देव यांचं नाव आधी घ्यायला हवं. आकाशवाणीवर कित्येक वर्षं काम केलेले संगीतकार. त्यांनी या गाण्याला 'शब्दप्रधान गायकी' म्हटलं, त्याच नावाचं पुस्तक लिहिलं, शिबिरं घेतली. 'गायकी' हा शब्द बघा. तो आपण घराण्यांसाठी राखून ठेवलेला असतो. देवांनी तो भावगीताला दिला आणि हेही शिकण्याचं, शिकवण्याचं शास्त्र आहे असं बजावलं.

मोठ्या कलावंतांनी ते आधीच ओळखलं होतं. कुमार गंधर्वांनी अनिलांच्या कविता गायल्या. किशोरी आमोणकरांनी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर शांता शेळके यांचं रानफुलांचं गीत गायलं; ते ऐकताना वाटतं, जयपूर घराण्याच्या अवघड ताना घेणारा हा गळा किती गोष्टी जाणूनबुजून घेत नाहीये! हातात असलेलं सोडून देणं, ही मऊपणाची दुसरी खूण. ज्याच्याकडे तान नाही त्याने ती न घेणं आणि ज्याच्याकडे आहे त्याने न घेणं, यांत फरक ऐकू येतो.

तर मंडळी, हा सगळा रस्ता फिरून आम्ही त्या मुलीकडे परत आलो. "हळू गा" हे शब्द वर्गातून काढून टाकले.

आधी तिला कविता नुसती वाचायला सांगितली, तीन दिवस. पेटी बंद, तंबोरा बंद. वाचताना ती जिथे आपोआप थांबली तिथे खूण केली, आणि गाताना श्वास तिथेच घ्यायचा ठरवला. शब्दाच्या मध्ये श्वास घेतला की अर्थाचे दोन तुकडे होतात.

मग उच्चार. आठ वर्षं आकार लावलेल्या गळ्याला सगळे स्वर 'आ'कडे ओढायची सवय असते. ऱ्हस्व 'इ' लांबते, 'उ' पसरतो. मराठीत 'चंद्र'मधला च वेगळा आणि 'चांदणं'मधला च वेगळा; हे बोलताना कुणी चुकत नाही, गाताना सर्रास चुकतात. 'भ', 'घ', 'फ' जोरात आले की मायक्रोफोनवर फटका बसतो, म्हणून ते व्यंजन सोडून द्यायचं नाही, त्याच्यावरचा जोर काढायचा.

त्यानंतर पट्टी. तिची ख्यालाची पट्टी होती काळी चार. या गाण्यासाठी ती आम्ही अर्ध्या स्वराने खाली आणली, म्हणजे तार सप्तकातल्या जागेसाठी आवाज ताणावा लागेना.

आणि शेवटी तिच्या मैत्रिणीला हातभर अंतरावर समोर बसवलं. "हिला सांग," एवढंच म्हटलं. ताना घ्यायला मनाई केली नाही. फक्त प्रत्येक हरकतीनंतर विचारलं, "ही कुठल्या शब्दासाठी?" उत्तर आलं तर ठेवायची. सात हरकतींपैकी दोन राहिल्या.

दीड महिन्याने ती वर्गात पुन्हा गायली. आवाज मोजला असता तर कदाचित पूर्वीइतकाच भरला असता. पण समोर बसलेल्यांना तो मऊ वाटला, आणि या वेळी कविता कशाबद्दल आहे हे कुणाला विचारावं लागलं नाही. ती सकाळचा खर्ज अजून करते, ख्यालाची तालीमही चालू आहे. गळा बिघडल्याची तक्रार तिच्या गुरुजींकडून अजून तरी आलेली नाही.

जाता जाता एक काम देतो. माणिक वर्मांचा एक ख्याल आणि एक भावगीत लागोपाठ ऐका. दोन्हीत काय तेच आहे आणि काय सोडलंय, याची दोन रकान्यांत यादी करा. दुसरा रकाना जसा भरत जाईल, तसं आजचं व्याख्यान तुमचं तुम्हालाच पुन्हा ऐकू येईल.