नळी मोकळी, तरी हृदय तहानलेलं



शेतातलं ठिबक डोळ्यांसमोर आणा. मोटर चालू आहे, मुख्य पाइप धड आहे, पण ड्रीपरच्या बारीक छिद्रांत क्षार बसले, तर रोपाच्या मुळाशी पाणी पोचत नाही. बांधावरून बघणाऱ्याला मात्र सगळं ठीकच वाटतं. हृदयाच्या एका आजारातही असंच होतं. त्याचं नाव अमायलॉइडोसिस. हा आजार विरळा आहे. पण तो डॉक्टरांच्या नजरेत कसा आला, ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

आधी नावाची गंमत ऐका. उकडलेल्या बटाट्यावर आयोडीन टाकलं की तो निळा-काळा होतो, हा शाळेतला प्रयोग. १८५४ साली जर्मनीचे डॉक्टर रुडॉल्फ विर्चो यांनी मेंदूतल्या काही कणांवर आयोडीन घातलं, तर तसाच निळसर रंग आला. त्यांना वाटलं, हे पिठूळ असावं. म्हणून नाव दिलं अमायलॉइड, म्हणजे स्टार्चसारखं. पुढे १८५९ मध्ये फ्रीडराइख आणि केकुले यांनी दाखवून दिलं, की हे पिठूळ नाही, हे प्रथिन आहे. पण बारसं होऊन गेलं होतं. नाव तेच राहिलं.

या आजारात शरीरातलंच एखादं प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं. त्याचे बारीक धागे बनतात आणि अवयवांत साचत जातात. हृदयात साचले की त्याची भिंत जाड आणि ताठ होते. हे बराच काळ मृत्यूनंतरच कळायचं. जिवंत माणसाच्या हृदयात डोकावणार कसं?

ते धाडस १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने केलं. वरिष्ठांनी नाही म्हटलं होतं. अवजारांची किल्ली गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे होती. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्याने तिला टेबलावर बांधून ठेवलं आणि नळी स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत सरकवली. मग एक्स-रे काढून खात्री केली. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला मेसन सोन्स यांच्या हातून हृदयाच्या धमनीत चुकून औषध गेलं आणि धमनीचं चित्र स्पष्ट उमटलं. तीच आजच्या अँजिओग्राफीची सुरुवात.

दरम्यान १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड गावी एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधणारं ध्वनिलहरींचं यंत्र हृदयावर लावून पाहिलं. त्यातून इको तपासणी आली. इकोत हृदयाची भिंत जाड दिसते, पण ईसीजीच्या रेघा मात्र बारीक. अशी विसंगती दिसली की डॉक्टरांना अमायलॉइडचा संशय येतो.

पण अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात, म्हणजे आपला मुख्य पाइप. मुळाशी पाणी किती पोचलं, ते कसं मोजायचं? त्याची वाट १९२० च्या दशकात बोस्टनच्या हर्मन ब्लूमगार्ट यांनी दाखवली होती. किरणोत्सारी द्रव एका दंडात टोचायचा आणि तो दुसऱ्या दंडात किती वेळात पोचतो ते मोजायचं. त्याच विचाराचा आजचा अवतार म्हणजे पेट स्कॅन. त्यात अगदी थोडं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि हृदयाच्या स्नायूपर्यंत किती रक्त पोचतं ते मोजतात, एकदा आराम असताना आणि एकदा रक्तवाहिन्या फुलवणारं औषध देऊन. निरोगी हृदयात औषधानंतर प्रवाह दुपटी-तिपटीने वाढतो.

२०१४ साली बोस्टनच्याच डॉ. शर्मिला दोरबाला आणि सहकाऱ्यांनी अमायलॉइडच्या रुग्णांवरचा असा अभ्यास छापला. त्या रुग्णांच्या मोठ्या धमन्यांत अडथळा नव्हता. तरी बहुतेकांचा प्रवाह हवा तेवढा वाढत नव्हता. कारण साचलेलं प्रथिन बारीक वाहिन्यांच्या भिंतींत आणि भोवती बसतं, त्यांना फुलू देत नाही. ड्रीपर तुंबलेले होते.

मैत्रिणींनो, या इतिहासातून एक गोष्ट गाठीला बांधा. प्रत्येक तपासणी एका ठरावीक गोष्टीकडेच बघते. अँजिओग्राफी नॉर्मल आली, याचा अर्थ मोठ्या धमन्या मोकळ्या आहेत, एवढाच. बाईला दम लागतो, पाय सुजतात, आणि घरचे म्हणतात, "रिपोर्ट चांगला आहे, तुझ्या मनाचं आहे." तेव्हा गप्प बसू नका. असा त्रास अमायलॉइडमुळेच असतो असं नाही. रक्त कमी असणं, थायरॉइड, रक्तदाब अशी साधी कारणंही असतात. पण कारण शोधायला हवं.

पेट स्कॅन मोठ्या शहरांतच होतो आणि महाग असतो. सगळ्यांना तो लागतही नाही. पण ईसीजी आणि इको जिल्ह्याच्या ठिकाणी होतात. जुने कागद एका पिशवीत सांभाळून ठेवा, सोबत न्या, आणि डॉक्टरांना सरळ विचारा: "मोठ्या नळ्या मोकळ्या आहेत, मग मला दम का लागतो?" हाच प्रश्न विचारत विचारत डॉक्टर इथवर आले. तो आपणही विचारू शकतो.